सिंहाचे मागचे पाय

गेल्या श्रावणात मी देवापुढे दिवा लावणं बंद केलं. कुणाला सांगितलं नाही, भांडणही केलं नाही. दोह्यातल्या अल सद्द भागात आमचा फ्लॅट आहे, स्वयंपाकघरात ओट्याच्या बाजूला लहानसा देव्हारा आहे. विनय, माझा नवरा, पहाटेच कामाला निघतो. मुलगी मुक्ता शाळेच्या बसच्या गडबडीत असते. त्यामुळे दिवा लागला की नाही हे बघणारं घरात कुणी नव्हतंच. मी देव्हाऱ्याचं दार लोटून ठेवायची आणि डबे भरून ऑफिसला जायची. मनात एकच वाक्य असायचं, ज्याला तुम्ही आयुष्यभर डोक्यावर घेतलंत, त्यानंच तुम्हाला खाली पाडलं ना बाबा?

माझे बाबा जंगलखात्यात होते. नाशिककडच्या पेठच्या बाजूला डोंगरात आमचं गाव. नोकरी करून घरची नाचणी-वरई पिकवणारा साधा माणूस, पण वर्षातून एकदा तो नरसिंह व्हायचा. आमच्या भागात बोहाडा होतो. देवादिकांचे मोठाले मुखवटे चढवून, संबळ आणि पिपाणीच्या तालावर गावातले लोक नाचतात. प्रत्येक सोंग एकेका घराकडे वंशपरंपरेनं असतं. कुणाकडे गणपती, कुणाकडे शारदा, कुणाकडे रावण. आमच्याकडे नरसिंह. आमच्या गावात तो उजाडताना निघतो, ना रात्र ना दिवस अशा वेळी. तांबडा रंगवलेला लाकडी मुखवटा, बाहेर आलेले डोळे, लोंबती जीभ. तो चढवला की बाबा आमचे उरत नसत. आई त्यांना 'अहो' म्हणून हाक मारायची नाही, देव समजून पायांवर पाणी घालायची.

बोहाड्याच्या आधी महिनाभर बाबा दुपारी खळ्यात सराव करायचे. तीन पावलं पुढे, एक अडखळल्यासारखं मागे, आणि मग खांब फोडून बाहेर यावं तशी झेप. मी त्यांच्या मागे उभी राहून तसंच करायची. मी एकुलती एक. नऊ वर्षांची असताना एकदा घरात कुणी नाही असं बघून मी त्या मुखवट्यात डोकं घातलं. आई किंचाळलीच. बाबांनी मात्र तो हलकेच काढून घेतला आणि माझ्या केसांवरून हात फिरवून म्हणाले, "मुलगा असतीस, तर तुझ्याच डोक्यावर दिला असता." ते प्रेमानं म्हणाले होते, मलाही ते ठाऊक होतं. तरी ते वाक्य मी तीस वर्षं जपून ठेवलं, जसं आपण पायात मोडलेला काटा जपून चालतो.

श्रावणात बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, सगळं एका सकाळी गेलं. मी आठवडाभराची रजा काढून गेले. त्यांनी मला ओळखलं, पण तोंडातून जे आलं ते शब्द नव्हते. आपल्याला बोलता येत नाही हे कळल्यावर त्यांनी तोंडच मिटलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीकडे ते पाठ करून झोपत. दिवाळीनंतर आईचा फोन आला. गावचे पंच येऊन गेले होते. घरात सोंग उचलणारं कुणी नाही, काका थकलेले, चुलतभाऊ नाशिकला कारखान्यात, त्याला त्यात रस नाही. तेव्हा या वर्षीपासून नरसिंह दुसऱ्या घराकडे द्यावा, असं त्यांचं म्हणणं होतं. "ते काही वाईट बोलले नाहीत गं," आई म्हणाली, "पण तुझे बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेत ते अजून वळले नाहीत."

मी हमद पोर्टवर एका माल पाठवणाऱ्या कंपनीत कागदपत्रांचं काम करते. कंटेनरमध्ये काय आहे, कुणाचं आहे, कुठे जायचं आहे, एवढंच माझं जग. त्याच सुमारास एका जपानी गृहस्थांचं घरसामान आलं. नाव मोरिता, जपानी रीतीनं सगळे मोरितासान म्हणत. वय साठीच्या जवळ, क्रेनच्या देखभालीसाठी दोन वर्षांच्या करारावर आलेले. त्यांच्या सामानात एक लाकडी पेटी होती आणि कागदावर नुसतं 'मुखवटा' लिहिलेलं. तपासणीच्या वेळी ती उघडायला सांगितली, म्हणून मी आणि आमचे रशीदभाई तिथे गेलो. रशीदभाई रत्नागिरीचे, पोर्टवर वीस वर्षं काढलेले, अरबी फाडफाड बोलणारे.

पेटीतला मऊ कागद बाजूला झाला आणि आत सिंहाचं डोकं होतं. लाल लाखेचं, सोनेरी दात, वटारलेले डोळे, पांढरी आयाळ. बाजूला घडी घातलेलं हिरवं कापड. माझे हात आपोआप जोडले गेले. कुठे उभी आहे, कोण बघतंय, काही भान राहिलं नाही. तपासनिसानं विचारलं, "हे काय आहे?" रशीदभाईंनी त्याला अरबीत काही सांगितलं. मोरितासाननी डोकं उचलून जबडा वाजवला, खट्! तपासनीस दचकला आणि मग खो खो हसला. "खलास, यल्ला," झालं, चला, म्हणून त्यानं शिक्का मारला.

बाहेर आल्यावर मोरितासान थांबले. "तुम्ही नमस्कार केलात," ते इंग्रजीत म्हणाले. "का?"

मी आधी लाजले, मग सांगत गेले. बोहाडा, बाबा, पंच, सगळं. परक्या माणसाला मी इतकं कधी सांगितलं नव्हतं. ते मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी त्यांचं सांगितलं. समुद्राकाठी त्यांचं लहानसं गाव आहे. तिथल्या देवळाच्या उत्सवात हा सिंह घरोघर नाचायचा, लोकांच्या डोक्याला हलकेच चावायचा. तो चावला की वर्षभर रोगराई लांब राहते असं मानतात. पण तरुण मुलं शहरात गेली आणि उत्सव बंद पडला. पुजाऱ्यांनी जुनं डोकं यांच्या हाती दिलं, म्हणाले, जिथे असाल तिथे वर्षातून एकदा याला नाचवा. "याला बंद पेटीत ठेवलं की मला झोप येत नाही," ते म्हणाले.

डिसेंबरमध्ये ते स्वतः आमच्या ऑफिसात आले. नव्या वर्षाच्या सुरुवातीला इथली जपानी कुटुंबं एका शाळेच्या अंगणात जमणार होती. सिंहात दोन माणसं लागतात, एक डोकं धरणारा आणि एक मागचे पाय होणारा. मागचे पाय होणाऱ्या तरुण इंजिनिअरला कंपनीनं अचानक परत बोलावलं होतं. मोरितासान माझ्या टेबलापुढे उभे राहून वाकले आणि म्हणाले, "तुम्ही याल का? तुमच्या पायांना हे माहीत आहे."

मी म्हटलं, "आमच्याकडे बाईनं सोंगात शिरायचं नसतं."

"आमच्याकडेही नसायचं," ते म्हणाले. "मग माणसंच उरली नाहीत."

मी विचार करून सांगते म्हणाले. शेजारच्या टेबलावरून रशीदभाई मराठीत बोलले, "ताई, विचार कसला करताय? माणूस देवाचं घेऊन दारात आलाय. नाही म्हणू नका."

शुक्रवारी आणि शनिवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी सराव असायचा. मला वाटलं होतं, मागचे पाय म्हणजे सोपं काम. कापडाखाली कमरेत वाकून चालायचं, बाहेरचं काही दिसत नाही. दिसतात फक्त पुढच्या माणसाच्या टाचा. मी हुशारी करायची. आता डावीकडे वळतील, आता बसतील, असा अंदाज बांधून आधीच पाऊल टाकायची आणि त्यांच्या टाचेवर आदळायची. चार-पाच वेळा असं झाल्यावर मोरितासान थांबले. रागावले नाहीत. "तुम्ही माझ्या पुढे जाताय," ते म्हणाले. "टाच उचलली की उचला. त्याआधी काहीच करू नका."

हे 'काहीच करू नका' मला फार जड गेलं. श्रावणापासून मी याच्या उलटच तर करत होते, देवाच्या पुढे पुढे पळत होते. बाबा आता बरे होणार नाहीत, सोंग जाणार, आई एकटी पडणार, सगळं मीच ठरवून टाकलं होतं आणि त्याचा दोष त्याला देत होते. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी माझं डोकं थकलं आणि पाय नुसतेच टाचांच्या मागे गेले. वळणं आली आणि गेली. थांबल्यावर मोरितासान कापडाबाहेर आले आणि त्यांनी फक्त मान डोलावली. मी घरी येईपर्यंत टॅक्सीत रडत होते, आणि का ते मला सांगता आलं नसतं.

उत्सवाच्या दिवशी हवा छान होती. इथे ना त्यांचं देऊळ आहे ना आपलं. अंगणाच्या एका कोपऱ्यात पांढरं कापड घातलेलं टेबल, त्यावर तांदूळ, मीठ आणि पाणी. मोरितासाननी फोनमध्ये दिशा बघून ते टेबल त्यांच्या गावाकडे तोंड करून मांडलं होतं. मी बघितलं तर ती ईशान्य होती. देव्हारा जिथे असावा म्हणून बाबा आग्रह धरतात, तीच. मुक्ता पहिल्या रांगेत बसली होती. "आई, आर यू नर्व्हस?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. विनयनं गावाकडे माझ्या आईला व्हिडिओ कॉल लावायचं ठरवलं होतं. बाबांचं मन जरा रमेल, एवढाच हेतू. मी आत आहे हे मात्र आईला सांगू नकोस, असं मी त्याला बजावलं होतं. सोंगाचं घर सोडून गेलेली पोरगी परक्यांच्या सोंगात नाचते, हे बाबांना कसं वाटेल याची मला भीती होती. विनयनं आईला सांगितलं, मुक्ताच्या ओळखीच्यांकडे जपानी नाच आहे, बघा.

बासरी सुरू झाली, ढोलावर काठी पडली आणि आम्ही निघालो. पहिला भाग सरळ गेला. सिंह अंग झाडतो, इकडेतिकडे हुंगतो, पोरांकडे धावतो, पोरं ओरडतात. मला फक्त टाचा दिसत होत्या आणि त्या पुरे होत्या. मग सिंह झोपतो. तो जमिनीवर पडून राहतो, बासरी बारीक होते आणि थोड्या वेळानं ढोल त्याला जागा करतो. आम्ही कापडाखाली जमिनीला टेकलो. तेवढ्यात मोरितासानचा श्वास मला ऐकू आला, दात आवळून घेतलेला.

"खांदा," ते कुजबुजले. "हात वर जात नाही. डोकं तुम्ही घ्या."

"मला नाही येत डोकं!"

"मी मागे आहे," ते म्हणाले आणि सरपटत बाजूला झाले.

विचार करायला वेळ नव्हता. मी पुढे सरकले, आतली मूठ पकडली. लाख लावलेलं ते लाकूड त्यांच्या हाताच्या घामानं ओलं होतं. ढोल वाजायला लागला. मोरितासानचा पुढचा नाच मला माहीतच नव्हता. मी त्यांच्या टाचा पाहिल्या होत्या, हात कधी पाहिले नव्हते. मी मनात म्हटलं, नरसिंहा, मला काही येत नाही, आता तूच ऊठ.

आणि मी उठले. पाय तीन पावलं पुढे गेले, एक अडखळून मागे आलं आणि मग ती झेप गेली. बाबांची झेप. मी ती ठरवून घेतली नाही, एवढं मी शपथेवर सांगेन. ढोल वाजवणाऱ्या बाई क्षणभर चुकल्या, मग त्यांनी माझा ताल धरला. पुन्हा तीन, एक, झेप. ते डोकं चांगलं वजनदार आहे, दुसऱ्या दिवशी माझे दंड उचलले जात नव्हते. पण त्या वेळी त्याला वजन नव्हतं. मागून मोरितासानची पावलं बिनचूक येत होती, त्यांनी एकदाही अंदाज बांधला नाही. मी रांगेतल्या पोरांच्या डोक्यांवर जबडा वाजवत गेले, म्हाताऱ्या आजीबाईंच्या डोक्यावर वाजवला, मुक्ताच्या डोक्यावर वाजवला. ती ओरडली, "इट्स माय मदर! ती माझी आई आहे!" दुसरं वाक्य मराठीत, सगळ्यांसमोर. ती घराबाहेर कधी मराठी बोलत नाही.

कापडाबाहेर आले तेव्हा टाळ्या चालू होत्या. मोरितासान डावा हात खांद्यावर दाबून उभे होते आणि त्यांचे डोळे भरले होते. ते सगळ्यांसमोर मला वाकले, अगदी खोल. देवाच्या गोष्टीत अभिमान धरू नये असं लहानपणापासून ऐकत आले, पण खोटं कशाला बोलू? मला अभिमान वाटला. माझा, माझ्या डोंगरातल्या गावाचा, खळ्यातल्या त्या दुपारांचा. हे पाऊल कुठून आलं असं जो तो विचारत होता आणि मी पुन्हा पुन्हा सांगत होते, माझ्या वडिलांचं आहे.

तेवढ्यात विनय गर्दीतून फोन घेऊन आला. त्याचा चेहरा वेगळाच दिसत होता. "आईंशी बोल," तो म्हणाला.

आई हुंदके देत होती. मला आधी भलतंच वाटलं. मग तिचे शब्द जुळत गेले. बाबा नेहमीसारखे पडल्या पडल्या फोनकडे बघत होते, बघायचं म्हणून. सिंह झोपला तेव्हा त्यांनी डोळेही मिटले होते. मग ढोल वाजला आणि ते सिंहाकडे बघतच राहिले. डाव्या हातानं त्यांनी खाटेची कड पकडली आणि अंग उचललं. "आपलं," ते म्हणाले. आई म्हणाली, काय? "आपलं. पाऊल. आपलं."

पाच महिन्यांनी आलेले शब्द. आत मी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, मुक्ताचं ओरडणं ढोलाच्या आवाजात त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. दोह्यातल्या एका अंगणात, जपानच्या सिंहाच्या पायांत त्यांनी आपलं पाऊल ओळखलं होतं. आईनं फोन त्यांच्यापुढे धरला. मी घामेजलेली, केस विस्कटलेले. "बाबा, आत मी होते," मी म्हटलं. ते किती तरी वेळ बघत राहिले. मग नमस्कार करावा तसा डावा हात कपाळाकडे नेला आणि तिथेच ठेवला.

डॉक्टर म्हणतात, वाचा कधीकधी अशी अचानक मोकळी व्हायला लागते. ते खरं असेल. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की त्या दिवसापासून बाबा व्यायाम शिकवणाऱ्या मुलीकडे तोंड करून बसू लागले. पंधरा दिवसांनी त्यांनी आईकडून पंचांना बोलावणं धाडलं. विनयनं चित्रण पाठवलं होतं, तेच त्यांना दाखवलं आणि सोंग लेकीकडे द्या असं खुणेनं सांगितलं. पंच म्हणाले, आजवर बाईनं सोंग उचललेलं नाही, त्यातून लग्न होऊन परदेशी गेलेल्या बाईनं तर नाहीच. धवळूबाबा नावाचे आमच्या गावचे संबळ वाजवणारे आहेत, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी ते चित्रण पुन्हा पुन्हा बघितलं, मांडीवर बोटांनी ताल धरत. मग म्हणाले, "माझ्या संबळला हेच पाऊल ठाऊक हाय. दुसऱ्या घरी सोंग दिलं तर मी वाजवू कुणासाठी? राहू द्या तिथंच." पंचांतला एक जण म्हणाला, बरं, यंदा बघू.

चैत्रात मी रजा काढून गेले. मुक्ताही आली. मोरितासानना बोहाडा बघायला यायचं होतं, पण सुट्टी नव्हती, त्यांनी मला ऑफिसच्या दारात निरोप दिला आणि रशीदभाई म्हणाले, "इन्शाल्ला, सगळं नीट होईल." पहाट फुटायच्या बेतात होती तेव्हा आईनं माझ्या पायांवर पाणी घातलं. मुखवटा डोक्यावर चढला. हनुवटीखाली कापडाची गाठ बांधायची असते, ती आजवर बाबांना काका बांधून द्यायचे. या वर्षी बाबा खुर्चीत बसले होते. त्यांनी हातानं काकांना बाजूला व्हायला सांगितलं आणि कापडाचं एक टोक डाव्या हातात घेतलं. एका हातानं गाठ होत नाही. म्हणून दुसरं टोक मी धरलं. ते फिरवत गेले, मी ओढत गेले. गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली.

मी आजही मोठी भक्त वगैरे नाही. मी हट्टी आहे, लगेच रुसते, देवालाही जाब विचारते. पण मी रुसले असताना त्यानं माझ्यासाठी समुद्रापलीकडून एक पेटी पाठवली. ती उघडायला परका माणूस पाठवला. बाजूच्या टेबलावरून हो म्हणायला लावलं, आणि जिथे माझी अक्कल संपली तिथून मला चालवलं. त्याचे आभार कसे मानायचे ते मला अजून कळत नाही. आपण आपलं पाऊल उचलावं, कुठे पडायचं ते त्याच्यावर सोडावं, इतकंच मला जमू लागलं आहे, तेही रोज नाही.

बाबांनी गाठ ओढून बघितली. मग मान वर करून, एक एक अक्षर जुळवत, ते म्हणाले, "जा... नाच." धवळूबाबांनी संबळवर काठी टाकली.